विजया तेल, ३० मिली: झोप आली, लॉटचा रिपोर्ट आला नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. फेब्रुवारीत सौदे जोरात सुरू झाले की मे संपेपर्यंत डोक्यात नुसते दर. त्यात माझा डावा खांदा आखडलेला. झोपेत त्या कुशीवर वळलं की जाग येते, आणि एकदा जाग आली की पहाटेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं. झोपेच्या गोळ्या मागे घेऊन बघितल्या. सकाळी लिलावात उभा राहून जांभया द्यायला लागलो, म्हणून सोडल्या. शेवटी मिरजेच्या एका वैद्यांनी विजया तेल लिहून दिलं.

विजया म्हणजे भांगच. वैद्यांनी आधी रक्तदाबाची गोळी कुठली ते विचारलं, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का ते विचारलं, आणि घरात कुणाला वेडाचा आजार होता का, हेही. हा शेवटचा प्रश्न जरा लागला मला, पण विचारायलाच हवा होता. मागवताना कंपनीनं चिठ्ठीचा फोटो घेतला, मगच ऑर्डर पुढे गेली. खोका हिनं उघडला. नाव वाचून म्हणाली, "अहो, हे झोपेचं आहे की महाशिवरात्रीचं?"

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण यार्डात ज्यानं त्यानं पहिलं तेच विचारलं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येत धरलेल्या नाहीत. म्हणून पानांच्या सत्त्वाचं आयुर्वेदिक औषध परवान्यावर बनतं, आणि वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची सूचना बाटलीवर छापावी लागते. भांगेवर राज्याचे नियम आणखी वेगळे. चिठ्ठी न मागता कुणी देत असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आता माल. तपकिरी काचेची बाटली, झाकणालाच ड्रॉपर. काच गडद आहे ते बरं, कारण उजेड आणि हवा लागली की यातलं सत्त्व उतरत जातं. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची ती आत उजेड-हवा नसायची म्हणूनच. २००५ च्या महापुरानं ती पेवं बुडवली ते सोडा. वास उघडल्याबरोबर येतो. पावसात भिजलेल्या कडब्याचा, त्यामागून मिरीसारखा थोडा तिखट. चव कडू, आणि ती घशात बराच वेळ राहते. तीन थेंब जिभेखाली, दीड मिनिट गिळायचं नाही. दीड मिनिट गप्प बसणं अडत्याला किती जड जातं ते हिला विचारा.

पहिल्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या रात्री पाऊण तास वाट बघितली, वाटलं माल हलका आहे, आणि वैद्यांना न विचारता आणखी पाच थेंब टाकले. ही चूक माझी, तेलाची नव्हे. तासाभरानं जीभ टाळूला चिकटली, छाती धडधडायला लागली, आणि पाणी प्यायला उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्तदाबाची गोळी आणि हे, दोन्हींनी मिळून दाब उतरवला असणार. ही रात्रभर पाठीवर हात ठेवून बसली. सकाळी वैद्यांनी फोनवर चांगलंच झापलं. जिभेखालचं लवकर लागतं, पण त्यातलं बरंचसं आपण गिळतोच आणि ते पोटातून तास-दोन तासांनी वर येतं. म्हणून वाढवायचं तर दोन-तीन दिवसांनी, एकेका थेंबानं.

त्यानंतर चार थेंबांवर ठरलो. अर्ध्या-पाऊण तासानं खांद्याची ठणक जात नाही, पण ती शेजारच्या खोलीत गेल्यासारखी वाटते. मानेच्या शिरा सैल पडतात, पापण्या जड होतात, आणि उद्याच्या दराचं गणित अर्धवट सोडून माणूस झोपतो. सलग साडेपाच तास झोप, तीही सौद्यांच्या दिवसांत. सकाळी तासभर डोकं जरा मंद असतं, म्हणून स्कूटरची किल्ली नऊपर्यंत हिच्याकडे. जुन्या आयुर्वेदात भांगेचे गुण सांगताना ती मोह, मद, वाणी आणि अग्नी वाढवते असं म्हटलंय. अग्नीचं खरं आहे. साडेअकराला उठून मी अर्धा किलोचं भडंगाचं पाकीट निम्मं केलं. वाणीचंही खरं असावं, ही म्हणते.

कॅनडातल्या पुतण्याला बाटलीचा फोटो पाठवला. लेबलवर बारीक अक्षरात 'इंडिका' आहे ते बघून तो हसला. तिकडे १७ ऑक्टोबर २०१८ पासून हे कायदेशीर आहे, आणि दुकानात सरळ सांगतात: भांगेचे दोन प्रकार, इंडिका रात्रीला, सॅटायव्हा दिवसाला. इंडिका घेतली की 'इन द काउच', म्हणजे सोफ्यातच रुतून बसायचं, असा त्यांचा विनोद. म्हटलं, हे वाणाचं प्रकरण दिसतंय, मग आपल्याला कळायला हवं. तर १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञानं भारतातल्या झाडावरून इंडिका हे नाव दिलं. पुढे हिंदुकुशाकडची बुटकी, रुंद पानांची, लवकर फुलणारी झाडं या नावानं ओळखली जाऊ लागली. आता सगळ्यांचे इतके संकर झालेत की पुतण्या म्हणाला, "काका, नावावर जाऊ नका, पाकिटावर टीएचसी आणि सीबीडी किती ते बघा. तिकडं ते छापावंच लागतं." ही भांगेतली दोन मुख्य द्रव्यं, त्यातली गुंगी मुख्यतः टीएचसीची. वास मिर्सीन वगैरे तेलांचा. मिर्सीन गवती चहातही असतं आणि सुस्ती त्यानंच येते असं बरेच लोक सांगतात, पण माणसांवर ते नीट सिद्ध झालेलं नाही.

हळदीत हेच आहे हो. रंग कुरकुमिनचा, वास टर्मेरोनचा. राजापुरी वाण म्हणून पोतं आलं तरी घेणारा हळकुंड मोडून बघतो, टणक आवाज येतो का ऐकतो, आणि मोठा खरेदीदार असेल तर कुरकुमिनचा रिपोर्ट मागतो. एकाच शेतकऱ्याचे दोन लॉट सारखे निघत नाहीत. आणि या बाटलीवर काय, तर 'विजया पत्र सत्त्व' इतके मिलिग्रॅम, बस. त्यात टीएचसी किती, सीबीडी किती, पत्ता नाही. कंपनीला फोन केला तेव्हा त्यांनी रिपोर्ट पाठवला, पण त्यावरचा बॅच नंबर माझ्या बाटलीचा नव्हता. दुसऱ्याच्या पोत्याची चिठ्ठी लावून माझं पोतं खपवल्यासारखं झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, अजून बोलणं चालू आहे.

बाटली २,८०० रुपयांना पडली. झोपेला पाचपैकी चार, लेबलला एक. बाटलीत अजून तिसरा हिस्सा शिल्लक आहे. मंगळवारी परत फोन केला होता, "सर, आज मेल करतो" म्हणाले. आज शनिवार.