अर्थासाठी घेतली, वाक्यांसाठी वापरतोय: ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी

गेले काही महिने ही डिक्शनरी रोज हाताशी आहे. पण अडलेल्या शब्दाचा अर्थ तर कुठेही सापडतो. हिची खरी ताकद कळते ती स्वतः इंग्रजी वाक्य लिहायला बसल्यावर.

क्रियापदापासून सुरुवात करा. 'एक्स्प्लेन' उघडलं की अर्थाबरोबर रचनाही दिसते: आधी काय समजावलं ते, मग 'टू' लावून कोणाला. मराठीत आपण 'मला समजाव' म्हणतो, म्हणून चुकीचं 'एक्स्प्लेन मी' सहज तोंडी येतं. 'डिस्कस' सकर्मक आहे, त्याला थेट कर्म लागतं. पुढे 'अबाउट' चालत नाही, अशी स्पष्ट सूचनाच तिथे आहे. 'टेल'नंतर माणूस लगेच येतो, 'से'नंतर 'टू' घ्यावा लागतो. कर्ता, क्रियापद, कर्म हा इंग्रजीचा क्रम आपण शाळेत पाठ करतो, पण प्रत्येक क्रियापद पुढची जागा आपल्या पद्धतीने भरून घेतं, हे मला इथे नीट उमगलं. ही दृष्टी मुळातली आहे. या डिक्शनरीचे मूळ कर्ते ए. एस. हॉर्न्बी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला पहिला कोश १९४२ साली तिथेच निघाला, आणि क्रियापदांच्या रचना हाच त्याचा कणा होता.

शब्दनिवडीसाठी उदाहरणवाक्यं वाचाच. पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग'. मराठीत दोन्ही जोरदार. निर्णय 'मेक' करतात, होमवर्क 'डू'. नामांपुढचे मोजता येणारं की न येणारं हे शेरेही वगळू नका: 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर' यांना 'एस' लागत नाही, ते तिथेच कळतं. व्याख्यांची भाषा सोपी ठेवलेली आहे, त्यामुळे एका शब्दासाठी आणखी चार शोधत बसावं लागत नाही.

उणिवाही आहेत. मराठी शब्द डोक्यात आहे आणि इंग्रजी आठवत नाही, अशा वेळी ही कामाची नाही; मराठी-इंग्रजी शब्दकोश सोबत हवाच. 'ए' आणि 'द' कधी वापरायचे, काळ कसे निवडायचे, यासाठी व्याकरणाचं वेगळं पुस्तक लागतं. छापील प्रतीतला टाइप बारीक आहे. अगदी नवशिक्यांनी याच प्रकारची सोपी, लहान डिक्शनरी घ्यावी. साधी वाक्यं जमतात पण ती बरोबर आहेत का याची खात्री वाटत नाही, अशांनी मात्र हीच घ्यावी.