पॉइंट टू-टू काडतूस: नऊ महिने, अडीच हजार राउंड

50 मीटर प्रोनसाठी, म्हणजे पालथं झोपून रायफलने मारायच्या नेमबाजीसाठी, काडतूस निवडताना मी पहिली चूक केली ती वेगाची. जलद गोळी वाऱ्यात कमी भरकटणार, असं वाटलं. संभाजीनगरजवळच्या आमच्या रेंजवर आडोसा नाही, वैशाखात वारा दुपारभर आडवा वाहतो. म्हणून सेकंदाला 380 मीटर वेगाचे डबे घेतले. दहा राउंडचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या भोकांचा पसारा, 30 मिलिमीटरच्या खाली येईना. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, म्हणजे बघा.

मी वाऱ्याला दोष देत होतो. आमचे परभणीचे सर म्हणाले, "वाऱ्याला कशाला शिव्या द्यायलास? डब्यावरचा वेग पघ आधी."

गंमत अशी की वारा गोळीला किती ढकलतो, हे ती वाटेत किती वेग गमावते त्यावर ठरतं. ध्वनीच्या वेगाच्या वर सुटलेली गोळी हवेशी झगडून भराभर मंदावते, आणि त्या उंबरठ्यावरून खाली येताना डगमगतेही. सेकंदाला 320 ते 330 मीटरने निघालेली 40 ग्रेनची (साधारण 2.6 ग्रॅमची) गोळी मुळातच ध्वनीच्या वेगाखाली असते, त्यामुळे वेग कमी गमावते आणि कमी सरकते. हे पटायला मला दोन महिने लागले.

मग एसके कंपनीची, या कमी वेगाची स्टँडर्ड प्लस काडतुसं आणली. शिवाय मित्राने त्याचा महागडा डबा दिला. बेंचवर, पुढे वाळूची पिशवी ठेवून दोन्ही तपासले. माझ्या बॅरलमध्ये महागड्याचा ग्रुप 19 मिलिमीटर, एसकेच्या एका लॉटचा (कारखान्यात एका खेपेत बनलेल्या मालाचा) 14. त्याच एसकेच्या दुसऱ्या लॉटचा मात्र 21! मित्राच्या रायफलमध्ये निकाल उलटा. डब्याचं नाव फक्त अर्धी गोष्ट सांगतं, उरलेली अर्धी लॉट नंबर सांगतो. आता मी लॉटचे दोन-तीन डबे आधी मागतो, जमलं तर त्याच नंबरचे कोट्यात बसतील तेवढे घेतो. लायसन्सवरचा कोटा संपला की हात बांधलेले, म्हणून घाई नको.

आणखी एक. ब्रँड बदलला की पहिले वीसेक राउंड निकालात धरू नका. गोळीवरचं वॅक्स वेगळं असतं, बॅरलमध्ये नवीन थर बसेपर्यंत ग्रुप भटकतो. मी हे न कळता एका चांगल्या लॉटला फुकट नापास केलं होतं.

गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ उसना मिळाला तेव्हा दुसरा हिशोब कळला. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक असेल, तर 50 मीटरवर साधारण 7 मिलिमीटर खाली-वर. दहाच्या वर्तुळाचा मोठा घास त्यातच जातो.

उन्हाचं तर विचारूच नका. जानेवारीच्या सकाळी झिरो केलेली, म्हणजे नेम मध्यावर जुळवलेली रायफल एप्रिलच्या दुपारी वर मारत होती, साइट तीन क्लिक खाली आणावी लागली. एकदा डबा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला, वॅक्स चिकट झालं, त्यावर धूळ बसली. ती वीस काडतुसं सरावालाही वापरली नाहीत. आता डबे पाण्याच्या बाटल्या ठेवतो त्या थर्मोकोलच्या पेटीत, पण बाटल्यांपासून वेगळ्या कप्प्यात, कोरडे. काढतो तेव्हाही सावलीत.

सध्या त्या चांगल्या लॉटचे चार डबे शिल्लक आहेत. सर म्हणतात, सराव दुसऱ्याने कर, हे मॅचला ठेव. मला ते पटत नाही. ज्या गोळीने मॅच खेळायची, तिचा ऊन-वारा अंगवळणी पडायला हवा. म्हणून त्यातलेच दोन डबे मे महिन्याच्या दुपारच्या सरावाला बाजूला काढलेत.