किचन काटा, लो-कार्ब आणि कॅलरी मोजणी: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

"मॅडम, आत ओल गेलीय. हे वॉरंटीत बसत नाही."

स्वयंपाकघरासाठी म्हणून विकलेल्या आणि आता बंद पडलेल्या वजनकाट्याबद्दल सर्व्हिसवाल्याचं हे उत्तर. खोक्यावर पिठाचं आणि टोमॅटोचं चित्र छापलंय, आणि ओल चालत नाही. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर कोरडं स्वयंपाकघर कुणाकडे असतं ते कंपनीनं खोक्यावर छापावं. वॉरंटी एक वर्षाची, ती संपायला अजून बराच अवकाश होता. काटा स्वखर्चानं पुण्याला कुरिअर करायचा, तपासणीचे पैसे वेगळे, परत पाठवायचा खर्चही माझाच. बेरीज केली तर नव्या काट्याच्या किमतीच्या निम्म्यावर जाते. भांडले, मेल लिहिले, तिकीट नंबर मिळाला, बाकी काही नाही.

म्हणून एक तारा देऊन फक्त काट्याबद्दल लिहिणार होते. पण तो काटा मी ज्यासाठी घेतला त्याबद्दल ओळखीतले सगळे विचारतात: लो-कार्ब बरं की कॅलरी मोजणं? दोन्ही वापरून झालंय, तर दोन्हींवर लिहिते. कार्ब कशात असतात, कॅलरी म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

आधी माझी माहिती. चाळिशी पार, उंची पाच फूट दोन इंच, सुरुवातीचं वजन ७६. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) ३० च्या वर. आपल्याकडच्या मापानं २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. नोकरी शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीच्या स्टोअर्समध्ये, बहुतेक वेळ खुर्चीवर. घरात पाच माणसं, फोडणीची पळी सासूबाईंच्या हातात.

लो-कार्ब मी हापूस संपल्यावर सुरू केलं. त्याआधी करण्यात काही अर्थ नव्हता. कीटो नाही, साधारण १०० ते १३० ग्रॅम कार्बच्या आत राहायचं एवढंच. भात पूर्ण बंद, भाकरी दिवसाला एक. आमच्याकडची भाकरी म्हणजे ८० ग्रॅम ज्वारीचं पीठ, तेवढ्यातच पन्नासच्या वर ग्रॅम कार्ब. कीटोवाल्यांचा दिवसभराचा कोटा पहिल्याच भाकरीत संपतो, त्यामुळे त्या वाटेला गेलेच नाही.

पहिल्या पंधरवड्यात जवळजवळ तीन किलो उतरले. कँटीनमध्ये सगळ्यांना सांगून झालं. मग डॉक्टरांनी समजावलं की शरीर कार्ब ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा उतरला की ते पाणी जातं. म्हणजे त्या तीन किलोंत चरबी थोडीच. पुढचे किलो मात्र हळू उतरले आणि ते खरे होते.

मग आखाड आला. लो-कार्बमधला एवढा सुखाचा काळ दुसरा नाही. मटण चालतं, तांबडा चालतो, पांढरा तर चालतोच: नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू, कार्बच्या हिशेबात फार काही नाही. पथ्यावर असताना पांढरा रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला. नवरा म्हणाला, "असलं डाएट असंल तर मलाबी लाव की." त्या महिन्यात वजन मात्र जागचं हललं नाही. भात नाही, साखर नाही, तरी नाही. ते का, ते पुढे येईल.

खर्चाचं बोलायलाच हवं. २०१९ च्या अखेरीस याच शहरात मटणाच्या दरावरून आंदोलन झालं होतं, त्यानंतर भाव कुठं गेला ते बाजारात जाणाऱ्याला ठाऊक आहे. भात काढला की पोट भरायला अंडी, पनीर, मटण, बदाम लागतात आणि किराण्याचं बिल फुगतं. बदामाच्या पिठाची भाकरी एकदा केली. तव्याला चिकटली, ती उलथन्यानं खरवडून खाल्ली, कारण त्या पिठाचा किलोचा भाव डोक्यात होता. फ्लॉवर किसून केलेल्या "भाता"वर तांबडा घेतला तर रस्सा खाली उतरतो आणि फ्लॉवर वर कोरडा राहतो. यावर जास्त लिहीत नाही.

श्रावणात मात्र सगळंच अवघड झालं. आमच्यात श्रावण पाळतात, अंडंसुद्धा घरात येत नाही. राहिलं पनीर, शेंगदाणे, पालेभाज्या, ताक. डाळी आहेत, पण तूरडाळीत निम्म्याहून जास्त कार्बच. सोमवारचा उपवास म्हणजे साबुदाणा, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च. उपवासाला वरीचा भात नको, खिचडी नको म्हटल्यावर सासूबाईंनी विचारलं, "मग उपास कशाला करतीस?" त्यांचा मुद्दा बिनतोड होता. शिवाय भाकरी कमी झाल्यानं पोट साफ होईना. ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये १० ग्रॅम तंतू असतात, ते गेले की दुसरीकडून आणावे लागतात हे तेव्हा कळलं. गौरी जेवल्या त्या दिवशी ताटात पुरणपोळी आली आणि लो-कार्ब थांबलं. तोवर ७२ वर आले होते, दसऱ्यापर्यंत पुन्हा ७३ च्या पुढं.

डॉ. दीक्षितांचं डाएट की ऋजुता दिवेकरांचं यावर कँटीनमध्ये अजून वाद रंगतात: दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत संपवा, की दर दोन तासांनी थोडं थोडं खा. त्यात आता लो-कार्बवाले आलेत. या भांडणात मला एकच आकडा उपयोगी वाटला. २०१८ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या ख्रिस्टोफर गार्डनर यांच्या गटानं ६०९ लोकांवर वर्षभर प्रयोग केला, काहींना लो-कार्ब, काहींना लो-फॅट. लो-कार्बवाल्यांचं सरासरी ६ किलो उतरलं, लो-फॅटवाल्यांचं ५.३. हा फरक संशोधकांनी धरण्याजोगा मानला नाही. एकाच गटातल्या माणसामाणसांत मात्र प्रचंड फरक होता. कुणाचं पुष्कळ उतरलं, कुणाचं वाढलं. दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करा, भाज्या वाढवा असं सांगितलं होतं. बारा महिने घासाघीस करून सातशे ग्रॅमचा फरक! एवढ्यासाठी मी बदामाचं पीठ आणणार नाही, असं ठरवून दसऱ्याला वजनकाटा घेतला.

आता काटा. पाच किलोची क्षमता, एक ग्रॅमपर्यंत दाखवतो, चपटी बटण बॅटरी. मोजायला अचूक होता, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती आपोआप बंद होण्याची. दोन मिनिटं हात लागला नाही की बंद. परात ठेवली, शून्य केलं, पीठ घातलं, तेवढ्यात बाहेर दूधवाल्यानं हाक मारली. परत येऊन बघावं तर काटा झोपलेला. चालू केला की परात आणि पीठ धरूनच शून्य दाखवतो. पीठ परत डब्यात, परात परत काट्यावर. हे रोज. बॅटरी वाचवण्यासाठी म्हणे. एक बॅटरी कितीला येते आणि माझा सकाळचा वेळ कितीला येतो याचा हिशेब कुणीतरी करायला हवा होता. ही एक गोष्ट धड असती तर काट्याला चार तारे दिले असते.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी बघून विचारलं, "गुजरीत बसल्यागत काय मोजालीस गं?" गुजरी म्हणजे आमच्याकडची सराफ पेठ.

पद्धत अशी बसवली: सगळं कच्चं मोजायचं, कारण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत कच्च्या जिनसांचे आकडे नीट मिळतात. ॲपवर भरवसा नको. एकाच मिसळीचे ॲपमध्ये तीन वेगळे आकडे, आणि सगळ्यांत मोठा आकडा सगळ्यांत लहानाच्या दुप्पट. मग शिजलेलं पातेलं वजन करायचं, रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करायचं, आणि आपल्या वाटीत किती आलं ते काढायचं. रोज पातेलं रिकामं करून मोजणं शक्य नाही, म्हणून भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून प्रत्येक पातेल्यावर नावाशेजारी ग्रॅम कोरून घेतले. लग्नात आलेल्या पातेल्यावर आता मामांचं नाव, तारीख आणि ६४०. तो माणूस दोनदा विचारून खात्री करून घेत होता.

यानं फायदा झाला, नाकारत नाही. भाकरी परत आली, भात मोजून आला. सणाला पुरणपोळी खायची तर दुपारचं जेवण त्यात बसवायचं, पाप वगैरे काही नाही. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीच्या धारोष्ण दुधाचा पेला म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी, हे कळल्यावर पेला अर्धा केला, बंद नाही केला. दुष्काळी वाटलं नाही. वजन दर महिन्याला किलोभर उतरत गेलं.

अडलं ते एकाच ठिकाणी. कट.

तांबडा रस्सा पाच जणांचा, एकूण कॅलरी काढल्या, भागिले पाच. कागदावर बरोबर. पण तेल रश्श्यात सारखं पसरलेलं नसतं, वर तरंगतं. पहिली वाटी ज्याला, कट त्याला. नवऱ्याच्या वाटीत वरचा लालभडक थर, शेवटी जेवणाऱ्या सासूबाईंच्या वाटीत तळाचं पाणी आणि मसाला. माझा नंबर रोज बदलतो. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि वरून घेतलेल्या वाटीत असे दोन सहज येतात. मिसळीत तर कट वेगळा वाढतात, तोही पुन्हा पुन्हा. मी भाकरीचं पीठ ग्रॅमपर्यंत मोजत होते आणि अडीचशे कॅलरींचा तरंगता माल बिनमोजणीचा आत येत होता. फोडणीला किती घातलं विचारलं तर उत्तर, "अंदाजानं." आखाडात वजन का हललं नाही त्याचंही उत्तर तेच. लो-कार्ब तेलाला चालतंय म्हणतं, कॅलरी मोजणी तेलाला मोजा म्हणते आणि मोजता येत नाही. चरबीच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, पिठाच्या ग्रॅमला चारही पुऱ्या नाहीत.

अपडेट

वरचं लिहून ठेवलं होतं, तेव्हा लो-कार्बला अडीच आणि कॅलरी मोजणीला साडेचार तारे दिले होते. काटा बंद पडलेलाच होता, नवा घ्यायचा नाही म्हणून तसंच राहिले. आता साडेचारचे साडेतीन करते आहे.

काटा नसताना स्टोअर्सची सवय कामाला आली. फाउंड्रीत बेंटोनाइट (साच्याच्या वाळूत मिसळायची माती) किती लागला हे प्रत्येक साच्यापाशी उभं राहून कुणी मोजत नाही. सुरुवातीचा साठा, अधिक आलेला माल, वजा शिल्लक. तेलालाही तेच लावलं. डब्यावर मार्करनं उघडल्याची तारीख, संपला की संपल्याची. आमच्या घरी महिन्याला सात लिटर शेंगतेल लागत होतं. एक लिटर म्हणजे ९१० ग्रॅम धरा. पाच माणसं, तीस दिवस: माणशी दिवसाला ४२ ग्रॅम, म्हणजे ३८० कॅलरी, नुसत्या तेलाच्या. पोषण संस्थेच्या दोन हजार कॅलरींच्या ताटात दिवसाचं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे.

सासूबाईंना कॅलरी सांगितल्या तर त्या ऐकत नाहीत. महिन्याला दोन लिटर तेल वाचलं तर किती रुपये वाचतील ते सांगितलं, तर लगेच ऐकलं. फोडणीची मोठी पळी माळ्यावर गेली, लहान आली. कांदा-लसूण चटणी तेलात न परतता थोडी पाण्यात कालवून घातली की रंग तोच येतो, हे त्यांनीच शोधलं. कट अजून येतो, पातळ येतो. आता महिना पाच लिटरमध्ये भागतो, माणशी ३० ग्रॅम. रोजच्या शंभरेक कॅलरी गेल्या, आणि त्यासाठी कुणी कुठल्या ॲपमध्ये एक अक्षर लिहिलं नाही. काटा मेल्यापासून माझे आणखी दोन किलो उतरलेत, आज ६७ च्या आसपास आहे. नवऱ्याचा पट्टाही एक भोक आत गेलाय आणि त्याला कारण माहीत नाही.

सासऱ्यांबद्दल वेगळं लिहिते, कारण तिथं माझं मत उलटं आहे. त्यांना मधुमेह आहे. जेवणानंतरची साखर भात कमी केल्यावर जेवढी खाली आली तेवढी माझ्या कुठल्याही मोजणीनं आली नसती. त्यांच्यासाठी कार्ब कमी करणंच योग्य ठरलं, आणि भाकरीचा चतकोर मोजायला काटा लागत नाही. पण इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या चालू असताना एकदम भात-भाकरी तोडली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आमच्या डॉक्टरांनी आधी गोळी कमी केली, मग भात. व्हॉट्सॲपवरचा तक्ता बघून हे घरी करू नका.

बाकी ज्यांना हिशेबाची आवड आहे, स्वतः स्वयंपाक करतात, त्यांनी दोन-तीन महिने तरी मोजून बघावं. नजर तयार होते, भाकरी बघून पीठ सांगता येतं. ज्यांना ताटात काय येणार यावर काही बोलता येत नाही, म्हणजे आमच्याकडचे बहुतेक पुरुष, त्यांनी भात अर्धा करावा आणि दुसऱ्यांदा कट मागू नये. बदामाचं पीठ कुणीच घेऊ नये.

काटा घ्यायचाच असेल तर आपोआप बंद होणं थांबवता येतं का ते दुकानात उभं राहून तपासा, दोन मिनिटं घड्याळ लावून. बटण बॅटरीपेक्षा पेन्सिल सेलवर चालणारा बघा, घरात रिमोटचे सेल असतातच. पाच किलोची क्षमता रश्श्याच्या भरल्या पातेल्याला पुरत नाही, दहाचा घ्या. आणि ऑनलाइन पन्नास रुपये वाचवण्यापेक्षा लक्ष्मीपुरीतल्या ज्या दुकानदाराकडे परत जाऊन भांडता येईल त्याच्याकडून घ्या, बिलावर शिक्का मारून.