इक्लेक्टर रीडर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेचा कोड तपासणाऱ्या टूलमध्ये अंगभूत रीडरच्या (कोडचा मजकूर वाचून त्याची रचना उभी करणाऱ्या भागाच्या) जागी इक्लेक्टर ही रीडर लायब्ररी बसवून आठ महिने झाले. अंगभूत रीड पहिल्या चुकीपाशी थांबतो. कंपाइल करताना तेच हवं. पण अर्धवट टाइप केलेल्या फाइलमधल्या सगळ्या चुका एका फेरीत दाखवायच्या, तर त्याचा उपयोग नाही.

इक्लेक्टर चुकीसोबत 'रिकव्हर' हा रिस्टार्ट, म्हणजे चुकीनंतर वाचन पुढे नेण्याचा पर्याय, देतो. तो हँडलर-बाइंडमधूनच बोलवा, कारण त्यातला कोड चूक झाली तिथेच चालतो. हँडलर-केसमध्ये तुमचा कोड चालेपर्यंत स्टॅक (चालू कॉल्सची साखळी) उलगडलेला असतो, रिस्टार्ट सापडतच नाही.

खरी डोकेदुखी सुटलेल्या कंसाची. रिकव्हर केल्यावर फाइलच्या शेवटी यादी बंद होते, पण मधले सगळे डीफन (फंक्शनच्या व्याख्या) तिच्या पोटात जातात. चूक दिसते शेवटच्या ओळीवर, असते कुठेतरी वर. उपाय आपणच करायचा: ओळीच्या अगदी सुरुवातीला उघडता कंस दिसला, की तिथे नवी व्याख्या सुरू झाली असं धरा. अवतरणचिन्ह सुटलं तर याहून वाईट: पुढे स्ट्रिंग आणि कोडची अदलाबदल होते आणि चुकांची रांग लागते. त्यातली पहिलीच दाखवा, बाकीच्या फसव्या.

लोड न केलेल्या पॅकेजमधल्या सिम्बॉल्सचा (नावांचा) प्रश्न मात्र सहज सुटतो. इंटरप्रेट-सिम्बॉल या जेनेरिक फंक्शनला आपल्या क्लायंटसाठी (आपलं टूल ओळखणाऱ्या ऑब्जेक्टसाठी) मेथड लिहा आणि सिम्बॉलऐवजी नाव-पॅकेजची साधी जोडी परत द्या. इव्हॅल्युएट-एक्स्प्रेशनलाही मेथड हवीच. नाहीतर नुसती फाइल उघडली तरी #. या वाचतानाच कोड चालवणाऱ्या खुणेमागचा कोड चालतो.

राहिलं #<, म्हणजे परत वाचता न येणाऱ्या ऑब्जेक्टच्या छापील रूपाची सुरुवात. इथे कॉमन लिस्पच्या मानकाचं म्हणणं स्पष्ट आहे: एरर द्यायची. *रीड-सप्रेस* (वाचलेलं टाकून देण्याची सोय) चालू असला तरीही, त्यामुळे आरईपीएलमधून (कोड टाइप करून लगेच उत्तर बघायच्या खिडकीतून) चिकटवलेलं आउटपुट #+(or) या नेहमी खोट्या ठरणाऱ्या अटीमागे लपवता येत नाही, त्याला ; किंवा #| |# चीच कॉमेंट लागते. पुढच्या > पर्यंत मजकूर गिळायचा मोह होतो, तो आवरा. एसबीसीएल या कॉमन लिस्प कंपायलरमध्ये > हेच फंक्शन छापलं तर #<फंक्शन >> अशा धर्तीचं काहीतरी येतं. पहिल्या > वर थांबलात तर दुसरा > सिम्बॉल म्हणून कोडमध्ये घुसतो. आमच्या टूलमध्ये #< दिसलं की तो अख्खा टॉप-लेव्हल फॉर्म लाल होतो आणि वाचन पुढच्या व्याख्येपासून सुरू होतं.