आवाज ऐकू येणाऱ्यांसाठी बोलण्याची थेरपी: कोल्हापुरात आठ महिने वापरल्यानंतर

समोर कोणी नसताना ऐकू येणारे आवाज बंद होतील या आशेने ही थेरपी सुरू केली, तर दोन महिन्यांत निराशा पदरी पडते. आवाज बऱ्याचदा राहतात, कमी होते ती त्यांची दहशत. 'बाहेर पडू नकोस' असं ऐकू आलं की दिवसभर खोलीत बसून राहणारा माणूस तेच ऐकत ऐकत भाजी घेऊन येतो. मोजायचं असेल तर हे मोजावं.

पद्धत सीबीटीचीच, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलण्याची, पण सायकोसिससाठी (भास, भ्रम होणाऱ्या आजारांसाठी) बेतलेली. तिचा आजचा गाभा चॅडविक आणि बर्चवुड या मानसशास्त्रज्ञांच्या १९९४ च्या लेखातून आला: आवाज काय बोलतो यापेक्षा तो किती ताकदवान आहे असं माणूस मानतो, यावर त्रास ठरतो. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने किमान १६ सेशन सांगितली आहेत. आठवड्याला एक धरलं तर चार महिने होतात. पण गगनबावडा, चंदगडहून एसटीने येणाऱ्यांचे भात लावणीत दोन-तीन आठवडे बुडतातच, त्यामुळे सहा महिने धरून चालावं. संशोधनात दिसलेला फायदा लहान ते मध्यम आहे. गोळ्या चालू ठेवूनच हे करायचं.

सुरू करण्याआधी कान तपासून घ्या. ऐकू कमी येत असेल तर भास वाढू शकतात. उतारवयात पहिल्यांदाच आवाज आले, दारू अचानक सुटली असेल किंवा फिट येत असतील, तर आधी डॉक्टर, मग थेरपी.

पहिली तीन-चार सेशन फक्त ऐकण्याची. किती आवाज, बाईचा की पुरुषाचा, ओळखीचा का, कुठून येतो, नेमके शब्द काय. शब्द ज्या बोलीत ऐकू येतात त्याच बोलीत लिहावेत. 'लोकं हसाय लागल्यात तुला' याचं 'मला नालायक वाटतं' असं करून टाकलं की हातात काहीच उरत नाही. पाऊण तास झेपत नसेल तर वीस मिनिटांत थांबा. घरी वहीत वेळ, जागा, शब्द आणि भीती शून्य ते दहा एवढंच लिहायला सांगा. लिहिता येत नसेल तर कालनिर्णयच्या चौकटीत टिंब पुरतं, जास्त भीती वाटली तर दोन टिंबं. लक्ष तिकडे गेल्यामुळे पहिले काही दिवस आवाज जास्त जाणवू शकतात. हे आधी सांगितलं नाही तर माणूस परत येत नाही.

आवाजावर किती विश्वास आहे हे टक्क्यांत विचारलं की वयस्कर मंडळी अडखळतात. 'रुपयातले किती आणे खरं वाटतं?' असं विचारलं की 'चौदा आणे' हे उत्तर चटकन येतं. काम उरलेल्या दोन आण्यांत करायचं. 'बाहेरचं आहे', 'करणी केलीया' हे घरच्यांचं म्हणणं खोडायला जाऊ नका. सगळ्यात जास्त सेशन तिथेच फसतात, कारण त्या क्षणापासून थेरपिस्ट विरुद्ध पक्षात जातो. नरसोबाच्या वाडीला गेल्यावर बरं वाटतं म्हणाले, तर तिथे काय करताना आणि किती वेळ, ते विचारा. मोठ्याने नामजप करताना आवाज दबत असेल, तर तेच घरी वापरता येतं. अशा आवाजांमागे बरेचदा मनातलंच बोलणं असतं, मेंदूला ते आपलं म्हणून ओळखता येत नाही, असं मानलं जातं. जीभ आणि घसा कामात असला की त्याला जागा कमी मिळते. गुणगुणणं, वर्तमानपत्र मोठ्याने वाचणं यामागेही हेच. काहींना एका कानात बोळा घालूनही आराम पडतो.

आवाजाला उत्तर द्यायचं असेल तर वेळ ठरवा, संध्याकाळी पंधरा मिनिटं. रंकाळ्यावर फिरताना मोबाइल कानाला लावून बोललं की कोणी वळून बघत नाही.

प्रयोग मधल्या सेशनमध्ये. समजा आवाज म्हणतो, 'बिंदू चौकाच्या पुढं गेलास तर आईला काहीतरी होईल.' आधी भाकीत लिहून घ्या, किती आणे खात्री तेही लिहा, मग चौकाच्या दहा पावलं पुढे जाऊन यायचं, घरी आल्यावर दोघांनी मिळून ताडून पाहायचं. सगळ्यात मोठ्या भीतीपासून कधीच सुरू करू नका. प्रयोग अर्ध्यात सुटला तर आवाजच जिंकल्यासारखं होतं. आज्ञा टाळण्यापेक्षा ती पाळायला एक मिनिट, मग पाच मिनिटं उशीर करणं सोपं जातं.

स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची आज्ञा असेल तिथे प्रयोग नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात चालेल, आणि तोवर माणसाला एकटं सोडायचं नाही.

ज्याला दोन मिनिटंही सलग बोलता येत नाही, त्याच्यावर ही थेरपी लादू नये. गोळ्यांनी थोडं स्थिर होऊ द्यावं. बरं वाटल्यावर गोळ्या बंद करणं ही नेहमीची अडचण, ती पाचव्या-सहाव्या सेशनलाच बोलून घ्यावी. घरच्यांना एकच काम द्या: 'काय ऐकतोयस, काही नाही तिथं' हे वाक्य बंद करून 'आता कितपत भीती वाटतीया?' असं विचारायचं.

शेवटची दोन सेशन एका कार्डासाठी. झोप मोडणं, जेवण टाळणं, आवाजाचा सूर बदलणं, अशी त्या माणसाची स्वतःची आधीची लक्षणं, कोणाला सांगायचं ते, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर. कार्ड गोळ्यांच्या डब्यातच ठेवायचं, आणि घरात आणखी एकाला ते कुठे आहे ते माहीत हवं.