‘काका, ते नोडल अकाउंट आहे’ : देणगीदारांच्या सॉफ्टवेअरपायी गेलेले १,७५,०५० रुपये

चार महिने हे लिहू की नको, असं चाललं होतं. लाज वाटते हो. बँकेत ३१ वर्षं नोकरी केलेला माणूस, त्यातली निम्मी काउंटरवर, आणि त्याला एका चुणचुणीत पोराने पाऊण तासात गुंडाळला, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? पण गेल्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या सचिवांचा फोन आला. त्यांच्याकडेही असाच डेमो झाला होता. मग म्हटलं, आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

आमची संस्था छोटी. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ३४ मुलींचं वसतिगृह. पगारी माणसं तीन, बाकी आम्ही रिकामटेकडे निवृत्त लोक. मी खजिनदार. देणगीदार ४१२. त्यांचा हिशोब कार्बनच्या पावतीपुस्तकांत, दोन वह्यांत आणि एका एक्सेलमध्ये. त्या एक्सेलमध्ये एकच कुलकर्णी इंग्रजी स्पेलिंगच्या फरकाने तीन ठिकाणी.

पूर्वी चालून जायचं. ८०जीची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी पावती फाडली की देणगीदार खूश. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून मात्र प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन, रक्कम आणि पैसे कसे आले हे सगळं आयकर खात्याच्या फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेच्या आत भरावं लागतं, तेव्हा कुठे त्याला त्या सवलतीसाठी लागणारं १०बीईचं प्रमाणपत्र मिळतं. उशीर झाला तर कलम २३४जीखाली रोज २०० रुपये. मे महिन्यात रात्री बारापर्यंत पॅन नंबर जुळवत बसायचं माझं हे चौथं वर्ष येत होतं. म्हणून सॉफ्टवेअर हवं होतं. हौस म्हणून नव्हे. हे आधीच सांगतो, कारण समितीतल्या एकांनी ‘तुम्हाला या वयात कॉम्प्युटरचं खूळ कशाला’ असं सुनावलंच.

तर जानेवारी २०२५ मध्ये तो पोरगा आला. कंपनीचं नाव लिहीत नाही, वकिलांनी नको सांगितलंय. लॅपटॉप उघडून त्याने सगळं दाखवलं : देणगी आली की व्हॉट्सॲपवर आपोआप पावती, देणगीदाराच्या वाढदिवसाला शुभेच्छा, आणि एक बटण दाबलं की १०बीडीची सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल तयार. त्या बटणावरच मी विकला गेलो. वर्षाचे २०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६०० रुपये. जुना डेटा चढवून द्यायचे आणखी ८,०००, ते मात्र ‘आमच्या टीममधल्या मुलाच्या यूपीआयवर टाका काका, बिलात नको’. टाकले. इथे पहिली घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही.

दुसरी घंटा तर कानाशीच वाजत होती. ऑनलाइन देणगीसाठी पेमेंट गेटवे, म्हणजे पैसे स्वीकारायची सोय, त्यांच्यामार्फतच. खरा गेटवे संस्थेच्या नावावर घेतला की ते ट्रस्टचा पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक, विश्वस्तांच्या ठरावाची प्रत, सगळं मागतात आणि दोनदा परत पाठवतात. इथे कोणी काहीच मागितलं नाही. आणि मी, गाढवासारखा, म्हणालो, ‘वा, किती सुटसुटीत!’

आता तो क्षण. रोज रात्री मला तोच आठवतो.

आमच्या ऑफिसात, चहाचे कप टेबलावर असताना, त्याने पडद्यावर क्यूआर दाखवला आणि म्हणाला, ‘काका, तुम्हीच पहिली देणगी द्या.’ मी फोन काढला, स्कॅन केलं, १०१ रुपये लिहिले. फोनवर नाव आलं. आमच्या संस्थेचं नाही, ‘अमुक एंटरप्रायझेस’. मी ते मोठ्याने वाचलं. नुसतं पाहिलं नाही, चष्मा वर करून वाचलं. अध्यक्षबाई ऐकत होत्या. म्हटलं, ‘अरे, हे नाव कोणाचं?’ तो हसून म्हणाला, ‘काका, ते नोडल अकाउंट आहे. सगळ्या एनजीओंचं तसंच असतं. दर सोमवारी तुमच्या खात्यात सेटल होतं.’

आणि मी पिन टाकला.

ज्या माणसाने अकाउंट पेयी चेकवर नावातलं एक अक्षर चुकलं म्हणून गिऱ्हाइकांना भर उन्हात परत पाठवलं, शिव्या खाल्ल्या, त्याने! ‘नोडल’ (दुसऱ्यांचे पैसे मधल्यामध्ये ठेवायचं खातं) हा शब्द बँकेतलाच होता म्हणून मी फसलो, असं मी स्वतःला सांगतो. परक्याने आपल्या बोलीत चार शब्द टाकले की आपण त्याला घरचा समजतो. पण खरं म्हणजे अध्यक्षबाईंसमोर मला अडाणी दिसायचं नव्हतं. असो.

लक्षात ठेवा : दुसऱ्यांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या पेमेंट ॲग्रीगेटरला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते आणि पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याला स्वतःसाठी वापरता येणार नाहीत अशा वेगळ्या खात्यात, ठेवावे लागतात. परवानगी कोणाला आहे याची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. मी ती एप्रिलमध्ये पाहिली.

संक्रांतीला आम्ही लिंक सगळ्यांना पाठवली. मार्चअखेरपर्यंत ३८ जणांनी मिळून १,८४,६५० रुपये दिले. फेब्रुवारीतल्या दोन सोमवारी मिळून ४१,२०० खात्यात आले. आम्ही निवांत. मग बंद. ‘काका, मार्च एंड आहे, गेटवेवर लोड आहे.’ मग ‘काका, बँकेचं व्हेरिफिकेशन चालू आहे.’ ९ एप्रिलला फोन बंद, आणि त्याच दिवशी आमचं लॉगिनही बंद. आत ४१२ माणसांचे पत्ते, मोबाईल, पॅन, जन्मतारखा. आमच्याकडे काय? जानेवारीतलं ते जुनं एक्सेल, तीन कुलकर्ण्यांसह. सॉफ्टवेअर कोणाचंही घ्या, पण पैसे देण्याआधी सगळा डेटा एकदा डाउनलोड करून दाखवायला सांगा आणि दर शनिवारी तो आपल्या पेन ड्राइव्हवर घ्या. जो ‘त्याची गरज नाही’ म्हणेल त्याला चहा पाजून रवाना करा.

हिशोब मांडतो. देणग्या १,४३,४५०. सॉफ्टवेअर २३,६००. डेटा चढवण्याचे ८,०००. एकूण १,७५,०५०. वसतिगृहाचा दोन महिन्यांचा किराणा आणि गॅस त्यात निघतो.

पैशांहून वाईट पुढेच होतं. ३८ जणांना पावत्या आपोआप गेल्या होत्या. त्यांवर आमचा ८०जी नंबर आणि माझी स्कॅन केलेली सही. सीए म्हणाले, जे पैसे संस्थेच्या खात्यात आलेच नाहीत ते १०बीडीत दाखवता येणार नाहीत. देणगीदार म्हणाले, आमच्याकडे तुमच्या सहीची पावती आहे. दोघांचंही खरं. शिवाय जे ४१,२०० आले ते एकरकमी आले होते, कोणाचे किती याची फोड त्या बंद लॉगिनमध्ये. मी ३८ जणांना एकेक फोन केला, माफी मागितली, स्क्रीनशॉट मागवले, तारखा लावल्या. पहिल्या अकरा देणग्यांची बेरीज ४१,२०० वर बसली, त्यात माझे १०१ धरून! फॉर्म गेला १७ जूनला. सतरा दिवसांचे ३,४०० रुपये विलंब शुल्क मी खिशातून भरलं. सहीचा स्कॅन कोणालाही देऊ नका. कोणालाही.

एक गंमतही सांगतो, रडकी आहे. आमच्या गावचा एक मुलगा न्यू जर्सीत असतो, आता अमेरिकन नागरिक. त्याने त्या पानावर परदेशी कार्डाने ८,३०० रुपये दिले. पानाने मुकाट्याने घेतले. आम्हाला एफसीआरए नोंदणी, म्हणजे परकीय देणगी घ्यायची सरकारी परवानगी, नाही. भारतीय पासपोर्टवाल्याने बाहेरून स्वतःच्या कमाईतले पाठवले तर चालतं, पण नागरिकत्व बदललं की ती परकीय देणगी, मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. आणि नोंदणी असणाऱ्यांनाही ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. तेवढे ८,३०० चोराने नेले म्हणून मी देवाचे आभार मानले. परदेशी कार्डांचा पर्याय पहिल्याच दिवशी बंद करून घ्या.

आता सरकारी दारांबद्दल. ११ एप्रिलला १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली, नंबर मिळाला. पण तिथे तासांचा हिशोब असतो आणि आमचे पैसे जाऊन आठवडे झाले होते. मग पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी, ‘तुम्ही करार केलाय ना? मग हा दिवाणी मामला.’ दुसऱ्यांदा, ‘कंपनीचा पत्ता पुण्याचा, तिकडे जा.’ मी म्हटलं, नवीन कायद्यात हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवता येतो. त्यावर हवालदार साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू चोर मीच. तिसऱ्यांदा, ‘आयटी कायद्याचा तपास पीआय साहेबांनीच करायचा असतो, ते यात्रेच्या बंदोबस्तात आहेत.’ हे खरंच आहे, निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला तो तपास करता येत नाही. पण यात्रा संपून पालखी मंदिरात गेली, साहेब काही भेटेनात. चौथ्यांदा मात्र कळस झाला. ‘पैसे तुमचे कुठे गेले? देणगीदारांचे गेले. त्या ३८ जणांना तक्रार द्यायला पाठवा.’ त्यातले नऊ मुंबईत, चौदा पुण्यात, एक न्यू जर्सीत. आणि देणगीदार म्हणतात, आम्ही तर तुम्हाला दिले! म्हणजे १,४३,४५० रुपये गेले, पण ज्याचे गेले असा माणूसच या राज्यात नाही.

बँकेत गेलो, माझ्याच जुन्या बँकेत. ते खातं दुसऱ्या बँकेत, त्यामुळे ‘पत्र द्या, पुढे पाठवतो’. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा मला ‘सर, तुम्ही असं कसं केलंत?’ म्हणाला. ग्राहक मंचाचं विचारलं तर वकील म्हणाले, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली ट्रस्टला ग्राहक तक्रार करता येत नाही असं सांगितलंय, नव्या कायद्यात शब्द बदललेत, त्यावर भांडता येईल. दोन वकिलांना विचारलं, तीन मतं मिळाली. ट्रस्टची नोंदणी जिथे आहे त्या कार्यालयाने मात्र तत्परता दाखवली. त्यांनी आम्हालाच खुलासा मागितला.

पाचशेच्या आत देणगीदार असतील तर एक नीट एक्सेल पुरतं, हे मी आता सांगतो. १०बीडीचा साचाही शेवटी सीएसव्हीच असतो. एका माणसाला एकच ओळख क्रमांक द्या, पॅनचा रकाना सक्तीचा करा, झालं. मोठ्या संस्थांना सिव्हीसीआरएमसारखी मुक्त सॉफ्टवेअरं आहेत, पण ती सांभाळणारा पोरगा पगारावर हवा. आणि गेटवे कुठलाही घ्या, स्कॅन केल्यावर फोनवर संस्थेचंच नाव दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पिन टाकू नका, समोर अध्यक्षबाई असोत की जिल्हाधिकारी.

मे महिन्यात पुण्याच्या एका आजींचा फोन आला. वय ८१, दर महिन्याला ५०१ पाठवणाऱ्या. म्हणाल्या, ‘साहेब, वसतिगृहाचं छत गळतंय म्हणून तुमच्या मुलाचा फोन आला होता, मी ५,००० पाठवले. पावती अजून आली नाही हो.’ आमचं छत गळत नाही. आमच्या कोणीही फोन केला नव्हता. आजींचे हे ५,००० वरच्या बेरजेत नाहीत. ते मी त्यांना परत द्यायला गेलो तर त्यांनी घेतले नाहीत. उलट मलाच सरबत दिलं.

गेल्या मंगळवारी माझा वाढदिवस होता. सकाळी सात वाजता व्हॉट्सॲपवर संस्थेच्या नावाने, लोगोसकट, शुभेच्छा आल्या. खाली ‘देणगी द्या’चं बटण. तो मेसेज घेऊन ठाण्यात गेलो. म्हणाले, प्रिंट काढून आणा, रंगीत.