पाणथळाशेजारी तळं: काठावर खोदू द्यायचं की वरच्या उतारावर?

पाणथळाजवळ तळं खोदण्याच्या अर्जात जागा बहुधा अगदी कडेची दाखवलेली असते. तिथे थोडं खणलं तरी पाणी लागतं, बांध घालावा लागत नाही आणि खर्च कमी येतो, त्यामुळे मालकाच्या बाजूने हे साहजिक आहे. परवाना देणाऱ्याने मात्र त्याच जमिनीतली दुसरी, वरच्या उताराची जागा शेजारी ठेवूनच निर्णय घ्यावा. अर्जात पर्याय नसेल तर तो मागावा. पाणथळापासून तळं किती दूर आहे, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ते कुणाचं पाणी घेणार आहे, हे आधी पाहावं.

पण त्याआधी पाणथळ नेमकं कुठे संपतं, हे नक्की करायला हवं. कोरड्या ऋतूत काढलेल्या नकाशावर विसंबून चालणार नाही. पाणथळ जागा जपण्यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय रामसर करारात (१९७१) तात्पुरतं पाणी धरणारी जागाही पाणथळच मानली आहे. माती याची चांगली साक्ष देते. हातभर खड्डा घेतला आणि राखाडी मातीत तांबूस ठिपके किंवा मुळांच्या वाटांवर गंजाच्या रेघा दिसल्या, तर तिथे पाणी बराच काळ साचून राहतं असं समजावं. पाण्याखाली प्राणवायू संपला की मातीतलं लोह विरघळून रंग उडतो आणि मुळांवाटे हवा पोहोचते तिथे ते पुन्हा गंजतं. लव्हाळा, पाणकणीस यांसारख्या वनस्पती कुठपर्यंत आहेत, तेही पाहावं. या खुणा खोदकामाच्या आखणीत आल्या तर ते तळं पाणथळाशेजारी नसून पाणथळातच आहे. मग अर्जाचा विचार वेगळ्या, अधिक कडक नियमांनी व्हायला हवा.

काठावरचं तळं

हे भूजलावर भरतं. जमिनीखालची पाण्याची पातळी सहसा उताराबरोबर तिरकी असते, तळ्याचा पृष्ठभाग मात्र सपाट. त्यामुळे तळ्याच्या वरच्या अंगाला भूजल खाली जातं आणि खालच्या अंगाला वर येतं. पाणथळ वरच्या अंगाला असेल तर त्याच्या कडा आधी सुकतात. वरून पाहणाऱ्याला तळं भरलेलं दिसतं, म्हणून हे नुकसान उशिरा ध्यानात येतं.

याहून मोठा धोका तळातल्या चिकणमातीचा आहे. काही पाणथळं खोल भूजलावर उभी नसतात. चिकणमातीच्या एका थराने पाणी वर अडवून धरलेलं असतं. हा थर पाणथळाच्या बाहेरपर्यंत पसरलेला असू शकतो. तो फोडला आणि खाली वाळू किंवा मुरूम असेल, तर पाणी खाली निसटतं आणि तळंही टिकत नाही, पाणथळही टिकत नाही. एकदा फुटलेला थर पूर्ववत करणं फार कठीण. म्हणून मातीचे थर किती खोलीवर आहेत, हे दाखवणारे चाचणीखड्डे घेतल्याशिवाय काठावर परवानगी देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

उकरलेल्या मातीचं काय, याकडेही अर्जात फार थोडं लक्ष असतं. ३० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असा सरळ भिंतींचा खड्डा धरला तर १,८०० घनमीटर माती निघते आणि उकरल्यावर ती फुगते. ती सखल भागात लोटली की तळ्यापेक्षा भरावच पाणथळाचा अधिक घास घेतो.

मासे हा आणखी एक मुद्दा. हंगामी डबकी आटतात, म्हणून तिथे मासे टिकत नाहीत आणि बेडकांची पिल्लं वाचतात. शेजारी बारमाही तळं आलं आणि पुरात दोन्ही पाणी एक झाली, तर हा आसरा जातो.

वरच्या उताराचं तळं

हे पावसाच्या वाहत्या पाण्यावर भरतं आणि तळाला चिकणमाती दाबून बसवली की भूजलाशी त्याचा संबंध कमी राहतो. चिकणमातीचा थर फुटण्याची आणि पुरात मासे शिरण्याची भीतीही इथे बरीच कमी. दोन्हींत मी हीच जागा निवडेन.

तरी ती निर्धोक नाही. पाणथळाकडे जाणारंच पाणी हे तळं अडवतं. त्याचं पाणलोट क्षेत्र पाणथळाच्या एकूण पाणलोटाचा लहानसा हिस्सा असेल तर फरक थोडा पडेल. पण पाणथळाला जगवणाऱ्या मुख्य ओहोळावरच बांध येत असेल, तर वरची जागाही नाकारावी. अशा वेळी ओहोळाच्या बाजूला तळं घेऊन, पाणी ठरावीक पातळीच्या वर गेल्यावरच ते तळ्यात वळवता येतं. शिवाय बांध फुटला तर गाळ थेट पाणथळात जातो, म्हणून सांडवा पक्का हवा आणि तो झाडोऱ्यातून पसरत उतरणारा असावा.

तळं कशासाठी हवं, यावरही उत्तर बदलतं. जनावरांना पाणी पाजायला लहान, उतारावरची टाकी पुरते. पक्ष्यांसाठी तळं हवं असेल, तर खोल खड्डा बहुतेक चुकीचाच. चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना काही सेंटिमीटरच पाणी लागतं आणि ते शेजारच्या पाणथळात आधीच आहे. सिंचनासाठी असेल तर खोदण्याची आणि उपशाची परवानगी वेगवेगळी ठेवावी. काठावरच्या तळ्यात पंप बसला की पाणथळातलंच पाणी उपसलं जातं.

अटी घालताना तपासता येतील अशाच घालाव्यात: माती टाकण्याची जागा नकाशावर, काठाचा उतार १ उभ्याला ३ आडवा किंवा त्याहून सौम्य, खोदकाम प्रजननाचा हंगाम टाळून. तळं आणि पाणथळ यांच्यामध्ये छिद्रं असलेले दोन-तीन निरीक्षण पाइप रोवून, त्यांतली पातळी ओल्या आणि कोरड्या दोन्ही ऋतूंत नोंदवावी. ही नोंद अर्जासोबत नसेल तर अर्ज लगेच फेटाळू नये. ती पूर्ण होईपर्यंत प्रलंबित ठेवावा आणि तोवर यंत्र जागेवर आणू नये, हे मालकाला लेखी कळवावं.